जुन्या दफनभूमीतला चाफा कोणी लावला असेल?

कातळसडा

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, जेथे पूर्वी कंपनी सरकारच्या पलटणीची छावणी होती, त्या माळाच्या टोकाला एक जुनी इंग्रजी दफनभूमी आहे. आवाराची भिंत तीन बाजूंनी ढासळली आहे, कबरींवरच्या संगमरवरी पाट्या बहुतेक ठिकाणी उचकटून नेलेल्या आहेत, आणि ज्या उरल्या त्यांवरची अक्षरे शेवाळाने इतकी भरली आहेत की ती डोळ्यांनी वाचण्यापेक्षा बोटांनी चाचपणेच सोपे जाते. जी साले लागतात ती १८२० ते १८६० च्या दरम्यानची आहेत. वारलेले बहुतेक सारे तिशीच्या आतले, आणि लहान मुलांच्या कबरी मोठ्यांच्या जवळजवळ बरोबरीने. गावातल्या कोणाचाच या माणसांशी नात्यागोत्याचा संबंध नसल्यामुळे तिकडे सहसा कोणी फिरकत नाही; गुराखी तेवढे दुपारी सावलीला बसतात, आणि तेही भिंतीच्या बाहेर.

माझा प्रश्न कबरींपेक्षा तेथील झाडांविषयी आहे. फाटकाच्या खांबापाशी एक प्रचंड चिंच आहे. आतल्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या चाफ्याची जुनी झाडे आहेत. काही मेली असावीत, कारण ओळ मध्ये मध्ये तुटते. त्यांतले एक झाड एका लहान मुलाच्या कबरीच्या उशाशी आहे. त्याचे खोड चौथऱ्यावर रेललेले आहे, आणि त्याची एक फांदी पलीकडच्या बाजूला जमिनीला टेकून, तेथे मुळे धरून पुन्हा सरळ वर गेली आहे. दोन कबरींवर पिंपळ उगवला असून त्याच्या मुळ्यांनी चौथऱ्याचे दगड हातभर अंतरावर सारले आहेत.

या झाडांविषयी गावात जे बोलले जाते ते असे. तेथल्या चाफ्याचे फूल देवाला चालत नाही, आणि चाफा घराच्या दारात लावू नये, कारण ते 'त्यांचे' झाड आहे. रात्री माळावरून येताना अचानक चाफ्याचा वास आला तर मागे वळून पाहू नये. चिंचेखाली झोपू नये आणि पिंपळावर मुंजा असतो, हे तर सगळीकडचेच आहे. पण येथला मुंजा इंग्रज कसा असेल, असा प्रश्न एका शाळकरी मुलाने मला विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही.

आता काही उत्साही मंडळींनी जागा साफ करण्याचे ठरवले आहे आणि 'आधी सगळी झाडे काढून टाकू' असा सूर निघतो आहे. त्यापूर्वी मला जाणून घ्यायचे आहे की हा चाफा येथे कोणी आणि का लावला असेल, दफनभूमीत ठरावीक झाडेच का दिसतात, आणि इतरत्र अशा झाडांविषयी काय समजुती आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रानवाटा

कातळसडा, तुम्ही पाहिलेल्या झाडांचे पहिल्यांदा दोन गट करा: लावलेली झाडे आणि आलेली झाडे. जुन्या दफनभूमीचे निरीक्षण करताना या फरकाइतके उपयोगी दुसरे काही नाही.

पिंपळ, वड, उंबर ही आलेली झाडे. पक्षी फळे खातात, बी विष्ठेतून दगडाच्या सांध्यात पडते, चुन्याच्या भेगेत ओल मिळते आणि रोप तेथेच रुजते. कबरीवरचा पिंपळ कोणीही लावलेला नाही. पांढऱ्या चाफ्याची गोष्ट अगदी उलट आहे. आपल्याकडे या चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात, त्यामुळे तो बियांपासून आपोआप पसरत नाही. जेथे चाफ्याचे जुने झाड दिसते तेथे कोणीतरी फांदी खोचली होती, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. अपवाद एवढाच की मोडून पडलेली किंवा जमिनीला टेकलेली फांदी स्वतःच मुळे धरते, म्हणून शेजारशेजारची दोन झाडे मुळात एकच असू शकतात. तुमच्या त्या मुलाच्या कबरीपाशी नेमके हेच घडले आहे. पायवाटेच्या दोन्ही अंगांना ओळीने उभा असलेला चाफा मात्र कोणीतरी दोरी धरून लावलेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

हे झाड इथले नाही. त्याचे मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले असे सामान्यतः मानतात. झेंडूही मूळचा तिकडचाच. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणाचे दिवस पाळतात तेव्हा कबरी झेंडूने झाकून टाकतात. आपण मात्र झेंडूला दसऱ्याचे तोरण केले आणि चाफ्याला दफनभूमीत पाठवले. कोणत्या फुलाच्या वाट्याला काय यावे, याला काही नियम नसावा.

आता 'का' याविषयी. ज्यांनी ही दफनभूमी आखली त्यांच्या डोक्यात बहुधा मायदेशाचे चित्र होते. जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानरचनाकाराने १८४३ मध्ये दफनभूमीच्या आखणीवर लिहिताना सरूसारखी उभट, गडद, सदाहरित झाडे लावण्याचा आग्रह धरला होता, आणि तो त्या काळी बराच मान्य होता. परंतु आपल्या पावसात आणि उकाड्यात ते सरू काही जोमाने वाढत नाहीत. शिवाय पलटण दोन-चार वर्षांत हलायची. नवी पलटण आली की जुन्यांच्या कबरींना पाणी घालायला कोण येणार? अशा जागी असे झाड हवे की ज्याला कोणी पाहिले नाही तरी चालेल. चाफ्याची हातभर फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवून खोचली की ती धरते. तिला वैशाखात पाणी लागत नाही, कारण खोडातच साठा असतो. पानांत आणि सालीत चीक असल्यामुळे गुरे तिच्या वाटेला जात नाहीत, आणि पडक्या भिंतीच्या आवारात हा गुण लाखमोलाचा आहे. लाकूड मऊ असल्यामुळे ते सरपणालाही कोणी तोडत नाही. माझे मत विचाराल तर दफनभूमीतल्या चाफ्याचे निम्मे रहस्य एवढ्यातच आहे: जी झाडे माणसाच्या आणि जनावराच्या कामाची होती ती तुटली किंवा खाल्ली गेली, आणि हे उरले.

राहिलेले निम्मे रहस्य त्याच्या वागण्यात आहे. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि झाड पार वठल्यासारखे, राखाडी बोटांच्या पंजासारखे दिसते. मग उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. मेलेले झाड फुलले असे वाटावे, असाच तो देखावा असतो. रात्रीच्या वासाचेही कारण आहे. हे फूल मोठ्या निशाचर पतंगांना भुलवते. मध मिळेल या आशेने ते येतात, परंतु फुलात मध नसतोच. पतंगांना बोलवायचे तर वास रात्रीच दरवळायला हवा. माळावरून येणाऱ्या तुमच्या गावकऱ्यांना वास दिवसा येत नाही आणि अंधार पडल्यावर येतो, तो खराच येतो.

म्हणूनच मलेशिया आणि इंडोनेशियातही हे कबरस्तानातले झाड झाले. तिकडे पोंतियानाक नावाचे भूत मानतात: बाळंतपणात मेलेली स्त्री, जिची चाहूल चाफ्याच्या वासाने लागते. आपल्याकडच्या हडळीची ही सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. परंतु त्याच इंडोनेशियातील बाली बेटावर हिंदूंच्या देवळांच्या अंगणात हाच चाफा असतो आणि पूजेत हीच फुले वाहतात. लाओस देशाने तर त्याला राष्ट्रीय फूल केले आहे. झाड एकच आहे. कोणत्या आवारात त्याची फांदी खोचली गेली त्यावरून त्याची अब्रू ठरते.

एक सावधगिरी. झाड कबरीपाशी आहे म्हणून ते कबरीइतकेच जुने, असे समजू नये. चाफ्याचे वय खोडाच्या घेरावरून सांगता येत नाही. उलटही घडते. मुंबईची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात झाली, परंतु ती जागा त्याआधी वनस्पतिउद्यानाची होती. म्हणजे तेथे झाडे आधी आली आणि माणसे मागून.

दीपमाळ

रानवाटा यांचे विवेचन आवडले, पण 'दफनभूमीत पाठवले' हे पटले नाही. तळकोकणात आणि गोव्यात कितीतरी जुन्या देवळांच्या आवारात, दीपमाळेच्या किंवा तळीच्या कडेला, वाकडातिकडा, पोकळ खोडाचा देवचाफा उभा असतो आणि त्याचीच फुले रोज पूजेला जातात. आमच्या आजोळी शंकराच्या पिंडीवर पावसाळाभर दुसरे फूल क्वचितच दिसे. शंकर स्वतःच स्मशानात राहणारा देव आहे. त्याच्या पूजेतले झाड स्मशानात दिसले तर त्यात विटाळ कसला आणि विसंगती कोणती? 'दारात लावू नये' ही समजूत मीही ऐकली आहे, परंतु ती सांगणाऱ्या घरांच्या परसात चाफा असतोच. दारात नको आणि परसात चालतो, यामागे भुताची भीती किती आणि अंगणभर पडणारी पाने व चिकाचे डाग किती, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

बालाघाट

कातळसडा साहेब, आमच्या मराठवाड्यातील कबरस्तानांत लिंब, चाफा आणि मेंदी दिसतात, पण खरे मानाचे झाड म्हणाल तर ते सब्जा. झाड कसले, तुळशीच्या जातीचे वीतभर रोप. फालुद्यात घालतात ते बी याचेच. दफन झाल्यावर मातीच्या उंचवट्यावर हे बी टाकतात आणि घरचे लोक काही दिवस पाणी घालतात. शब-ए-बरातच्या रात्री माणसे कबरी पाहायला जातात तेव्हा पुन्हा गवत काढून, पाणी शिंपून, नवे बी टाकण्याची पद्धत आहे.

यामागे जी कथा आहे ती हदीसमधली आहे. पैगंबर दोन कबरींजवळून जात असता त्यांनी सांगितले की या दोघांना यातना होत आहेत. मग त्यांनी खजुराची एक हिरवी फांदी मागवली, ती मधोमध चिरली आणि एकेक भाग एकेका कबरीवर खोचला. फांद्या सुकत नाहीत तोवर कदाचित यांच्या यातना हलक्या होतील, असे ते म्हणाले. हे त्यांच्यापुरतेच विशेष होते की सर्वांनी करावे, यावर उलेमांत मतभेद आहेत, परंतु लोकांनी त्यातून एक साधी गोष्ट उचलली: जे हिरवे आहे ते ईश्वराचे नामस्मरण करीत असते आणि त्याचा लाभ खाली असलेल्याला मिळतो. याच विचारातून कबरीवरचे ओले गवत उपटणे नापसंत मानले जाते; वाळलेले काढायला हरकत नाही. तुमच्या साफसफाई करणाऱ्या मंडळींना हे सांगावे असे मला वाटते. ओले आणि वाळलेले यांत फरक करणारा विळा हवा.

खुलदाबादला औरंगजेबाची कबर पाहिली असेल तर आठवेल. १७०७ साली भिंगारजवळ मृत्यू झाल्यावर त्याला तेथे नेऊन पुरले. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची आहे. कबर मात्र उघड्या आकाशाखाली मातीचीच असून तिच्यावर हेच रोप लावलेले असते. बादशहा असो की आमच्या गल्लीतला पिंजारी, वर उगवते ते दोन रुपयांच्या पुडीतले बी.

आमच्याकडे चाफ्याला कोणी भीत नाही. लहानपणी कबरस्तानातून गळलेली फुले वेचून आणण्यावर घरी ओरडा बसायचा, पण तो भुताच्या धाकाने नव्हे. 'दुसऱ्याच्या नावाचे उचलू नये' एवढेच सांगत.

यॉर्कशायरकर

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. तुमच्या दफनभूमीतील माणसे ज्या गावांतून आली असतील, त्या गावांच्या चर्चच्या आवारात हमखास आढळणारा वृक्ष म्हणजे यू. आपल्या हिमालयात थुनेर नावाने ओळखला जातो त्याचाच हा भाऊ: सुईसारखी काळपट हिरवी पाने, तांबूस साल आणि संथ वाढ. याच कुळातील झाडांपासून कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध मिळाले, आणि याच झाडाची मूठभर पाने खाल्ली तर घोडा उभ्याउभ्या मरू शकतो. फळावरचा लाल गर तेवढा निर्विष, आतली बी विषारी.

चर्चच्या आवारात यू का, याची उत्तरे इथे प्रत्येक गावात तयार असतात. सर्वांत आवडते उत्तर असे की पूर्वी इंग्रजांची लांब धनुष्ये या लाकडाची होत आणि गुरांना विषबाधा होऊ नये म्हणून ही झाडे चर्चच्या भिंतीआड लावत. ऐकायला हे छान वाटते, पण १४७२ मध्ये इंग्लंडने असा कायदा केला होता की बंदरात माल आणणाऱ्या जहाजांनी प्रत्येक टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. चर्चच्या आवारातले लाकूड पुरत असते तर ही सक्ती कशाला करावी लागली असती? गुरांचे कारण मात्र उलट बाजूने पटते: आवारात विषारी झाड आहे म्हटल्यावर गुराखी आपली जनावरे कबरींत सोडणार नाही. रानवाटा यांनी चाफ्याच्या चिकाविषयी जे लिहिले, तेच येथे विषाने साधले.

स्कॉटलंडमध्ये पर्थशायरात फॉर्टिंगल गावच्या चर्चजवळ एक यू आहे. अठराव्या शतकात त्याचा घेर ५० फुटांहून अधिक भरला होता. नंतर खोड फुटून मधे वाट झाली आणि त्या वाटेने प्रेतयात्रा नेत असत असे सांगतात. हे नर झाड मानले जाते, आणि २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीला लाल फळे आली तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञही चकित झाले. येशूला सुळावर देण्याची आज्ञा करणारा पाँटियस पायलेट याच झाडाच्या सावलीत जन्मला, अशी एक आख्यायिकाही गावाने जपली आहे. तिला काडीचा आधार नाही, पण पाटीवर ती असते आणि पर्यटक ती आधी वाचतात.

मला सर्वांत आवडलेली कथा वेल्समधील लँगरन्यू या गावची आहे. तेथील चर्चच्या आवारात फार प्राचीन यू आहे. वर्षातून दोनदा, ३१ जुलैला आणि ३१ ऑक्टोबरला, रात्री तेथे एक आवाज येतो आणि त्या वर्षात गावातील कोण कोण मरणार त्यांची नावे उच्चारतो, अशी समजूत आहे. एका शिंप्याने गुत्त्यात बसून तिची टर उडवली, पैज मारून तो रात्री तेथे गेला, आणि पहिलेच नाव त्याचे स्वतःचे ऐकू आले. ही कथा सर्वपित्रीच्या रात्री आपल्याकडच्या एखाद्या पारावर सांगितली, तर केवळ झाडाचे नाव बदलावे लागेल.

'इंग्रज मुंजा' विचारणाऱ्या मुलाला सांगा की त्यांच्यात मुंज नसते, त्यामुळे तो प्रश्न निकाली निघाला.

इंद्रायणी

हा धागा दफनभूमीचा आहे हे मान्य करूनही आळंदीचा अजानवृक्ष येथे आणल्यावाचून राहवत नाही, कारण समाधी आणि झाड यांच्या नात्याची मराठीतील सर्वांत मोठी कथा तीच आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी पैठणला एकनाथांना स्वप्न पडले: अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती आळंदीस येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचे स्थान शोधले, आत उतरून मुळी दूर केली, असे परंपरा सांगते, आणि नाथांच्या गाथ्यात या प्रसंगाचा अभंगही आहे. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. वारकरी परंपरा या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगते.

या कथेत भीती औषधालाही नाही. झाड समाधीत शिरते, गळ्याला विळखा घालते, तरी ते दुष्ट ठरत नाही. मुळी काढली जाते आणि झाड राखले जाते. आजही त्या झाडाच्या सावलीत बसून पारायण करणारे लोक तुम्हांला दिसतील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दातरंगाचे झाड, एरेशिया लेव्हिस, असे जाणकार सांगतात, आणि त्याची रोपे करून इतरत्र लावण्याचे कामही झाले आहे.

माउलींच्या हातातील दंडच तेथे रुजला, असेही काही जण सांगतात. रानवाटा यांनी चाफ्याच्या फांदीविषयी लिहिले तेव्हा मला हे आठवले. भडोचजवळ नर्मदेच्या बेटावरचा कबीरवड कबीरांनी टाकलेल्या दातवणाच्या काडीतून झाला, अशी कथा आहे. यॉर्कशायरकर यांच्याकडे ग्लॅस्टनबरीचा काटेरी वृक्ष आहे, जो येशूच्या एका अनुयायाने रोवलेल्या काठीला फुटला आणि ऐन हिवाळ्यातही फुलतो, असे वाचले आहे. कोरडी काठी संताच्या स्पर्शाने पालवते हा चमत्कार जगभर सांगितला जातो. चाफ्याची वाळल्यासारखी फांदी मात्र कोणाही माळ्याच्या हातून पालवते. हे झाड आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा लोकांच्या कल्पनेत त्याची जागा आधीच तयार होती, असे मला वाटते. म्हणून दोनतीनशे वर्षांत ते परके उरले नाही आणि ते देवाचे की पितरांचे याचा वादही सुरू झाला.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या दिशांनी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. लावलेली आणि आलेली झाडे असा भेद करून काल पुन्हा पाहिले. चाफ्याच्या ओळीतील अंतरे खरोखरच सारखी आहेत, आणि जेथे झाड नाही तेथेही जमिनीत किंचित खळगा जाणवतो. आता प्रत्यक्ष कामाचा प्रश्न उरतो. पिंपळ काढावा की ठेवावा? मंडळी 'मुळासकट उपटू' असे म्हणत आहेत.

चुनेगच्ची

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून एवढ्यापुरते लिहितो. कृपा करून काही उपटू नका. पिंपळाच्या मुळ्यांनी दगड सारले असले तरी आज ते दगड त्याच मुळ्यांच्या आधाराने उभे आहेत. दोर लावून झाड ओढले की चौथरा त्याच्याबरोबर येईल. वरचा भार टप्प्याटप्प्याने छाटावा, बुंधा कबरीलगत कापावा, आणि पुन्हा फूट येऊ नये म्हणून कापलेल्या जागी योग्य उपाय जाणकाराकडून करून घ्यावा. नुसते कापून सोडले तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटवे येतात. आतली मुळे मेली की तेथेच राहू द्यावीत आणि पोकळी चुन्याच्या मसाल्याने भरावी. सिमेंट अजिबात वापरू नये. ते चुन्यापेक्षा कडक असते, ओल कोंडते आणि काही वर्षांत मूळचा दगडच पापुद्रे धरून सुटू लागतो. पाट्यांवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासू नये. साधे पाणी, मऊ कुंचला आणि भरपूर सबुरी एवढे पुरते.

जागा नगरपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय एकही झाड तोडता येणार नाही, चाफाही नाही. जागेची मालकी कोणाची हे आधी तलाठ्याकडे पाहून घ्या. अशा दफनभूमी कधी चर्चच्या, कधी सरकारच्या, तर कधी लष्कराच्या नावावर निघतात.

विळा लावण्याआधी नोंद करा. कागदावर आवाराचा नकाशा काढा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, पाटीवरचा मजकूर जसा दिसतो तसा, चुकीच्या स्पेलिंगसह, उतरवून घ्या आणि कोणते झाड कोणत्या कबरीपासून किती अंतरावर आहे तेही लिहा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा पुसट अक्षरांचे फोटो चांगले येतात. दक्षिण आशियातील अशा दफनभूमींच्या नोंदी ठेवणारी एक संस्था १९७६ पासून लंडनमध्ये काम करते, आणि मुंबई इलाख्यातील दफनांच्या नोंदवह्यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्या कबरींच्या पाट्या गेल्या आहेत त्यांतील काहींची नावे त्यांवरून लागू शकतील.

चाफ्याला हात लावण्याचे कारण नाही. त्याची मुळे पिंपळासारखी दगड फोडत नाहीत. मुलाच्या कबरीवर रेललेल्या खोडाखाली मात्र चौथऱ्याला न टेकेल असा दगडी टेकू रचून घ्या, कारण पावसाळ्यात पाने आली की त्याचा भार बराच वाढतो. जेथे ओळीतली झाडे मेली आहेत तेथे त्याच खळग्यांत, त्याच झाडांच्या फांद्या लावायच्या असतील तर मे महिन्यात तोडून ठेवा. आणि भिंतीची जी बाजू उभी आहे तिचा आतून एक फोटो येथे टाका. वरच्या थरात विटा आहेत की जांभा, त्यावरून मसाल्याचे प्रमाण सांगता येईल.